काचेवर तीन वेळा

टक्.

डब्याची कडी बसल्याचा तेवढा एक आवाज झाला आणि घर पुन्हा गप्प झालं. सुगुणानं डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या पाळीवरून ती रात्री उशिरा आली होती, अंग अजून जड होतं. मग दुसरी कडी बसली, जरा हलक्या आवाजात. पहिला डबा स्रवंतीचा, दुसरा बुज्जीचा. म्हणजे सव्वाआठ झाले.

"श्शू! अम्मा झोपलीय. चपला हातात घे, बाहेर जाऊन घाल."

"चिन्नम्मा, अम्माला सांगून येऊ?"

"झोपू दे गं तिला. संध्याकाळी सांग."

कुठली संध्याकाळ? सुगुणा दुपारी दोनला कंपनीत शिरणार, ती बाहेर पडेपर्यंत बुज्जी झोपलेली असणार, तीही स्रवंतीच्या पांघरुणात. हाक मारावी, 'ये गं इकडे' म्हणावं, असं सुगुणाच्या अगदी ओठांवर आलं. पण हाक मारली असती, तर आपण जागे होतो आणि तरी पोरीची वेणी दुसरीनं घातली, हे सगळ्यांना कळलं असतं. ती तशीच पडून राहिली. फाटक वाजलं. दोघींचं हसणं गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू आलं.

स्रवंती तिची धाकटी जाऊ. तीन वर्षांपूर्वी दिराशी लग्न करून या घरात आली, आणि सुगुणानंच शब्द टाकून तिला कंपनीत लावली. हैदराबादच्या बाहेर तळ्यामागे इंजेक्शनांची ती कंपनी. तिथल्या तपासणीच्या हॉलमध्ये सुगुणाची आठ वर्षं गेली होती. दिव्यासमोर बसायचं, करंगळीएवढ्या बाटल्या त्यांच्या मानेशी धरून हलकेच फिरवायच्या, आधी पांढऱ्या पाट्यासमोर बघायच्या, मग काळ्या. आत काचेचा कण, धागा, काळा ठिपका काही दिसलं की बाजूला. अर्धा तास बघायचं, पाच मिनिटं डोळे मिटायचे. मधूनच मॅडम कुणाला न सांगता खुणेच्या खराब बाटल्या ट्रेमध्ये मिसळून ठेवायच्या. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव सुगुणा काढायची. तिच्यापुढं आजवर कुणी गेलं नव्हतं.

आणि तरी कॅमेऱ्याची मशीन आली तेव्हा त्या मशीनसमोरच्या खुर्चीत कोण बसलं? स्रवंती. बारावी झालेली म्हणे, पडद्यावरचं वाचता येतं म्हणे. त्या खुर्चीला पाळी नव्हती. नऊ ते पाच जनरल, बारा महिने. संध्याकाळी साडेपाचला स्रवंती घरी, बुज्जीचा अभ्यास तिच्याकडे, भात भरवणं तिच्याकडे, गोष्ट तिच्याकडे. चिन्नम्मा म्हणजे धाकटी आईच. सगळ्या घरांत काकूला तसंच म्हणतात, सुगुणाही लहानपणी म्हणायची. पण हल्ली त्या शब्दातली 'अम्मा' तिच्या कानाला टोचायची.

'स्वतःचं अजून नाही, म्हणून माझं घेऊन बसलीय,' असं एकदा तिच्या मनात आलं होतं. आल्याआल्या तिनं ते झटकलं. पण झटकलेलं कुठं लांब जातं? तिथंच कोपऱ्यात पडून राहतं.

*

हॉल आणि मशीनची खोली यांच्यामध्ये एक मोठी काच होती. सुगुणाची जागा काचेला लागूनच, त्यामुळं बघायचं नाही म्हटलं तरी खुर्ची दिसायचीच. मशीन मिनिटाला तीनशे बाटल्या बघायची. चांगल्या पट्ट्यावरून पुढं जायच्या, खराब लाल पेटीत पडायच्या, आणि जिथं मशीनचंच ठरत नसेल त्या करड्या ट्रेमध्ये यायच्या. खुर्चीतल्या बाईनं पडद्यावर नजर ठेवायची आणि करड्या ट्रेमधल्या बाटल्या उचलून आपण ठरवायचं, पास की नापास. मग पास झालेल्या मालातला एक ट्रे दर तासाला हॉलमध्ये हातानं पुन्हा बघायला यायचा.

"राणीसरकार बसल्या," शेजारची पोचम्मा म्हणायची. "आपण इथं डोळे फोडतोय आणि तिकडं सिनेमा चाललाय."

"सिनेमाचं तिकीट मीच काढून दिलंय ना," सुगुणा म्हणायची, आणि दोघी हसायच्या. सुगुणाचं हसू आधी थांबायचं.

त्यात स्रवंतीचं एक खूळ तिच्या डोक्यात जायचं. निवांत दिवशी, करडा ट्रे रिकामा असला, की ही बया हॉलमधला अर्धा ट्रे मागून न्यायची आणि खुर्चीशेजारी ठेवून हातानं तपासायची. एक नजर पडद्यावर, मग पाच बाटल्या, मग पुन्हा पडदा.

"बघितलंस? आपलंही काम करून दाखवतेय," सुगुणा पोचम्माला म्हणाली. "मॅडमच्या डोळ्यांत भरायला हवं ना."

"खुर्ची मिळाली तरी भूक भागत नाही काहींची."

श्रावणातल्या एका सोमवारी घट्ट औषधाचा माल लागला. त्यात बारीक बुडबुडे धरत होते, आणि मशीनला प्रत्येक बुडबुडा कण वाटत होता. दुपारपर्यंत करडा ट्रे भरून वाहायला लागला. एका तासात चारशे बाटल्या. स्रवंती उभी राहून दोन्ही हातांनी बघत होती. टोपी, मास्क आणि पांढऱ्या झग्यातून तिचे फक्त डोळे दिसत होते. त्या डोळ्यांची उघडझाप थांबलेली होती. हे सुगुणाला काचेतून स्पष्ट दिसलं. थकलेला डोळा तिच्याइतका कोण ओळखणार? 'मशीन हळू कर, पोरी,' असं कुणीतरी सांगायला हवं होतं. सुगुणा सांगू शकली असती. ती आपल्या बाटल्या फिरवत राहिली.

तीनच्या ट्रेमध्ये तिला ती बाटली मिळाली. काळ्या पाट्यासमोर फिरवली तर तळाशी काचेचा केसाएवढा तुकडा चमकला आणि पुन्हा बसला. मानेवर करड्या ट्रेची शाईची रेघ होती. म्हणजे मशीननं शंका घेतली होती, आणि स्रवंतीच्या हातांनी पास केली होती.

अशी बाटली सापडली की काय करायचं, हे रजिस्टरच्या पहिल्या पानावर छापलेलं होतं. नोंद करा, बाटली कुलपाच्या पेटीत टाका, मॅडमना कळवा. पण बायकांची एक रीत त्याच्याही आधीची होती, काचेपलीकडं जुनी मशीन होती तेव्हापासूनची, ती कुठं छापलेली नव्हती. आधी काचेपाशी जायचं. पेनानं तीन वेळा काच वाजवायची. पलीकडची वर बघते, तुम्ही बाटली दाखवता, ती मशीन थांबवते, आणि मग दोघींनी मिळून रजिस्टरात सही करायची. पहिल्याच दिवशी नव्या मुलीला हे शिकवलं जायचं. स्रवंतीला सुगुणानंच शिकवलं होतं.

पेन सुगुणाच्या हातात होतं. काच हाताशीच होती. तिनं रजिस्टर ओढलं, स्वच्छ अक्षरांत नोंद केली, वेळ घातली, बाटली पेटीत टाकली आणि मॅडमच्या खोलीकडं फोन लावला. मॅडम बैठकीत होत्या. निरोप ठेवला. 'नियमानं केलं,' ती स्वतःशी म्हणाली. खोटं काहीच नव्हतं त्यात.

विमला मॅडम यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मशीन चालूच होती. सगळा माल पुन्हा तपासावा लागला, सगळ्यांना. स्रवंतीला मॅडमच्या खोलीत गेल्यावर कळलं.

रात्री सुगुणा घरी पोचली तेव्हा स्रवंती ओसरीवर बसून रडत होती. बुज्जी अजून जागीच, तिच्या मांडीवर. "बाटली सुटली त्याचं नाही गं," ती सुगुणाला म्हणाली, आणि बुज्जीला उचलून आत गेली. घरात कुणी विचारलं नाही. नोंदीखाली सुगुणाची सही होती, ती स्रवंतीनं बघितली असणारच. पुढच्या आठवड्यात स्रवंती हॉलमध्ये आली, पाळीवर. खुर्ची मोकळी झाली. सुगुणानं अर्ज केला. अठ्ठ्याण्णव टक्क्यांची बाई, नाही कोण म्हणणार?

*

पहिल्याच सकाळी खुर्चीशेजारचा अर्धा ट्रे बघून सुगुणा म्हणाली, "मॅडम, हे न्यायला सांगा. माझं काम पडद्याचं. मला दाखवायला करायची सवय नाही."

विमला मॅडमनी चष्मा वर केला. "स्रवंती मागून घ्यायची. म्हणायची, हात रिकामे राहिले की डोळे झोपतात."

"माझे नाही झोपत. आठ वर्षं झाली."

"बघ बाई."

ट्रे गेला. सुगुणानं पाठ टेकली. आठ वर्षांत कामावर तिनं पहिल्यांदा पाठ टेकली होती.

आणि साडेपाचला घर! उन्हं अजून अंगणात होती. तिनं बुज्जीसाठी सर्वपिंडी थापली, तांदळाच्या पिठात दाणे आणि तीळ घालून, भोकं पाडून, कडा खरपूस. बुज्जीनं एक घास खाल्ला. "चिन्नम्मा यात कांदा बारीक चिरते."

"बरं. उद्या बारीक चिरीन."

"चिन्नम्मा केव्हा येणार?"

"तिची दुसरी पाळी आहे. तू झोपल्यावर."

"मग मी नाही झोपणार."

पुढच्या आठवड्यात स्रवंतीची पहिली पाळी लागली, तर ती अडीचला घरी. बुज्जी शाळेतून चारला येते. म्हणजे पुन्हा हातपाय धुणं तिच्याकडं, शाळेतल्या भानगडी ऐकणं तिच्याकडं. सुगुणा साडेपाचला पोचायची तेव्हा दोघींचं सगळं बोलून झालेलं असायचं. पाळी कुठलीही असो, पोरगी तिच्याच वाट्याला! सुगुणानं जिच्यासाठी खुर्ची मिळवली ती संध्याकाळ तिच्या हातात यायची ती आधीच कुणीतरी चावून ठेवलेल्या पेरूसारखी.

"तुला काय झालंय?" नर्सिमलूनं, तिच्या नवऱ्यानं, एकदा विचारलं. "जनरल मिळाली तरी तोंड उतरलेलंच."

"काही नाही. खुर्चीत बसून कंबर धरलीय."

"आता बसूनही कंबर धरायला लागली का तुझी?" तो हसला. तिला हसू आलं नाही.

बतुकम्मा देवीच्या सणाचे नऊ दिवस आले. तरवडाची पिवळी फुलं, कुरडूचे रंगवलेले तुरे ताटात रचून रोज संध्याकाळी बायका आणि पोरी तळ्याकाठी फेर धरायच्या. गेल्या वर्षी सुगुणा नऊपैकी सात दिवस दुसऱ्या पाळीला होती. या वर्षी पाच दिवस ती बुज्जीचा हात धरून फेरात होती. बुज्जीचा दुसरा हात स्रवंतीच्या हातात होता. टाळी घ्यायची वेळ आली की पोरगी आधी त्या बाजूला वळायची. दर वेळी. सुगुणा मोजत होती.

सहाव्या दिवशी बतुकम्मा रुसते, म्हणून त्या दिवशी कुणी फुलं रचत नाही. त्याच दिवशी कंपनीत पाण्यासारख्या नितळ औषधाचा माल होता. ना बुडबुडा, ना शंका. करडा ट्रे सकाळपासून कोरडा. पडद्यावर चार चौकटी, चार कॅमेऱ्यांच्या, आणि त्यातून जाणाऱ्या बाटल्या. एकसारख्या. लाल पेटीत तासाभरात तीन पडल्या असतील.

सुगुणा बघत होती. डोळे उघडे होते, पाठ ताठ होती, कुणी काचेतून बघितलं असतं तर म्हटलं असतं, किती लक्ष आहे बाईचं. पण ती तिथं नव्हती. ती तळ्याकाठी होती. बुज्जी कुठल्या हाताला आधी वळली? काल सात वेळा तिकडं, दोनदा इकडं. उद्या आपण मध्ये उभं राहावं का? पोरीच्या एका बाजूला आपण, दुसऱ्या बाजूला पोचम्माची मुलगी. मग कशी वळेल? हॉलमध्ये असताना असले विचार तिला यायचे नाहीत असं नाही, पण हातात बाटली असायची. ती फिरवावी लागायची, ठेवून दुसरी उचलावी लागायची, आणि विचाराचा धागा आपोआप तुटायचा. इथं तो तुटतच नव्हता. इथं त्याच्या मध्ये कुणी येत नव्हतं.

टक्, टक्, टक्.

सुगुणाला आधी वाटलं डब्याची कडी. मग तिनं मान वळवली. काचेपलीकडं टोपी आणि मास्कमधले दोन डोळे. हे डोळे ती झोपेतही ओळखेल. स्रवंतीनं बाटली उंच धरून फिरवली. आत काळा ठिपका गिरकी घेत होता, चांगला मोहरीएवढा.

सुगुणानं लाल बटण दाबलं. पट्टा थांबला. तेव्हा कुठं तिनं पडद्याकडं खरं बघितलं. तिसरी चौकट दुधाळ झाली होती. कॅमेऱ्याच्या भिंगावर वाफ धरली होती, हळूहळू धरली असणार, आणि ती समोर बसून ती चौकट बघत होती, अगदी बघत होती. नोंदी मागं फिरवल्या तर अडतीस मिनिटं. अडतीस मिनिटं मशीन एका डोळ्यानं आंधळी होती आणि समोर बसलेली बाई दोन्ही डोळ्यांनी.

ती बटणावर हात दाबून तशीच उभी राहिली. सामान देण्याघेण्याच्या छोट्या खिडकीतून स्रवंतीचा आवाज आला. "अक्का, आधी सगळा माल अडव. पेट्यांना लाल चिठ्ठी लाव. घाबरायचं मग."

"तू... नोंद केलीस?"

"तू आल्याशिवाय कशी करू? दोघींची सही लागते." तिनं रजिस्टर खिडकीतून पुढं सरकवलं. "तूच शिकवलंस."

त्यात टोमणा होता का? सुगुणानं त्या डोळ्यांत शोधला. आठ वर्षांची नजर होती तिची, काचेचा केस शोधणारी. टोमणा सापडला नाही, आणि तो न सापडल्याचाच तिला जास्त राग आला. एवढं चांगलं असण्याची तरी काय गरज होती हिला?

दोघींनी सही केली. मॅडमना बोलावलं. अडतीस मिनिटांचा माल, अकरा हजारांवर बाटल्या, पुन्हा हातानं. पहिली पाळी सुटली तरी स्रवंती थांबली. सुगुणा हॉलमध्ये जुन्या जागी बसली. बाटली फिरवली, पांढरं, काळं, ठेवली. दुसरी. तिसरी. थोड्याच वेळात तिचे हात आपोआप चालायला लागले. शेजारी स्रवंती. पाच तास दोघी कामापुरत्याच बोलल्या.

"एक ठिपका."

"माझ्याकडं दोन."

"मान दुखतेय का, अक्का?"

"तुझी बघ."

विमला मॅडम साडेसहाला येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात रजिस्टर होतं. "माल बाहेर गेला नाही, हे नशीब. वेळेवर काच वाजली म्हणून." मग सुगुणाकडं वळून म्हणाल्या, "खुर्चीचं सोमवारी बघते."

सुगुणानं मान खाली घातली. सोमवारी. म्हणजे पुन्हा पाळ्या, आणि सकाळी डोळे मिटून ऐकायच्या दोन कड्या.

"मॅडम," स्रवंती म्हणाली, "तिचे हात रिकामे होते. मीही एकटी बसले तेव्हा माझं तेच झालं असतं, म्हणून ट्रे मागायचे. आणि बुडबुड्यांच्या दिवशी इतकं आलं की काही दिसेना. अर्धा तास ती बसू दे, अर्धा तास मी. दुसरीनं तेवढा वेळ हातानं बघायचं. दोघी जनरलला."

"तू मला शिकवतेस?"

"नाही मॅडम. सांगतेय फक्त."

मॅडमनी रजिस्टर मिटलं. "सोमवारी," त्या पुन्हा म्हणाल्या.

फाटकाबाहेर आल्यावर सुगुणानं चपलेतला खडा काढायचं निमित्त केलं. वाकलेलीच असताना विचारलं, "सगळी खुर्ची परत मागितली असतीस तर मिळाली असती. का नाही मागितलीस?"

"अक्का, त्या खुर्चीत एकटीनं काय होतं ते तू आज बघितलंस. मी वर्षभर बघितलंय." मग तिनं पदर सारखा केला. "चल लवकर. बुज्जी दारात बसली असेल."

बुज्जी. पुन्हा तिच्याच तोंडून आधी.

*

बुज्जी खरंच पायरीवर बसली होती, हनुवटी दोन्ही हातांत घेऊन. तिचे बाबा शेजारी उकिडवे बसून तिला शेंगा सोलून देत होते. "घ्या," ते उठत म्हणाले, "बतुकम्मा रुसली म्हणतात, पण खरी रुसलेली इथं आहे. मी हरलो."

"दोघी कुठं होता?" बुज्जीनं विचारलं. "एक तरी येते नेहमी."

सुगुणा वाकली, पण पोरगी सरकून स्रवंतीच्या मांडीवर गेली. सुगुणा तिथंच खालच्या पायरीवर बसली. शेंगांची सालं गोळा करायला लागली.

"आज मशीनचा एक डोळा मिटला," स्रवंती सांगायला लागली, तिच्या गोष्टीच्या आवाजात. "आणि कुणाला कळलंच नाही."

"मग?"

"मग मला एका बाटलीत काळा ठिपका दिसला. एवढा मोठा. मी धावत काचेपाशी गेले आणि पेनानं..." तिनं बुज्जीच्या गुडघ्यावर बोटानं वाजवलं. "टक्, टक्, टक्."

"मग?"

"मग तुझ्या अम्मानं वर बघितलं आणि मशीन थांबवली. एका क्षणात. म्हणून कुणाला वाईट औषध गेलं नाही."

सुगुणानं मुठीतली सालं कुस्करली. एवढं झाकून, एवढं आपल्या बाजूनं बोलायला हिला कुणी सांगितलं होतं?

बुज्जी विचार करत होती. तिच्या कपाळावर नेहमीची ती बारीक आठी आली. "चिन्नम्मा, काच नेहमी वाजवायची असते?"

"नेहमी. त्याशिवाय पलीकडच्या बाईला कसं कळणार?"

"पण तू रडलीस त्या दिवशी म्हणालीस, मला कुणी काच वाजवली नाही."

स्रवंतीचा हात बुज्जीच्या गुडघ्यावरच थांबला. मग तिनं पोरीला हळूच खाली उतरवलं. "डाळ शिजत टाकते," ती म्हणाली, आणि सुगुणाकडं न बघता आत गेली. आत भांडं लागलं, नळ सुरू झाला.

बुज्जी उठली आणि आज पहिल्यांदा आपणहून सुगुणाच्या कुशीत येऊन टेकली. तिच्या केसांना शाळेची धूळ आणि शेंगांचा वास येत होता. सुगुणानं तिला गच्च धरलं. किती दिवस तिला हेच हवं होतं.

"अम्मा," बुज्जीनं मान वर करून विचारलं, "त्या दिवशी काचेच्या अलीकडं तूच होतीस ना? मग तू का नाही वाजवलीस?"